पाचवा हात

आमच्याकडे सरपंच व्हायचं असेल तर आधी देवदर्शनाला जावं लागे. भक्तीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या काळी सरपंच लोकांनी थेट निवडायचा नसे. निवडून आलेले सदस्य आपल्यातल्या एकाला निवडत. त्यामुळे मतमोजणी संपली की खरी निवडणूक सुरू होई. आमची ग्रामपंचायत नऊ जणांची. पाच ज्याच्याकडे, खुर्ची त्याची. निकाल आणि सरपंच निवडायची बैठक यांच्या मधल्या दिवसांत आपल्या पाचाचे चार होऊ नयेत म्हणून सगळ्यांना जीपमध्ये घालायचं, गावोगावचे देव दाखवायचे आणि थेट बैठकीच्या दिवशी गावात आणायचं. याला सहल म्हणायचे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. घनसावंगी तालुक्यातलं, गोदावरीपासून दोन-तीन कोसांवरचं आमचं गाव. जालन्याच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आलो होतो, नोकरी नव्हती, आणि नोकरी नसलेल्या माणसाला गावातल्या सगळ्यांच्या चुका स्वच्छ दिसतात. जुन्या सरपंचांच्या घरात वीस वर्षं सत्ता होती. नळाची टाकी मंजूर होऊन पडलेली, शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे नाहीत, आणि हे रोज पारावर बसून मोजत राहायचा मला आणि माझ्या तीन मित्रांना कंटाळा आला होता. आम्ही पॅनल उभं केलं. लोक हसले. ‘मिसरूड फुटली न्हाई अन् सरपंचकी करायला निघाले’ असं एक म्हातारा माझ्या वडिलांना तोंडावर म्हणाला. तरी आम्ही चौघंही निवडून आलो. पाचवी आक्का.

आक्का माझी नात्याने कुणी नव्हती. आमच्याच गल्लीत राहायची, पस्तिशीची असेल, पदरात एक मुलगी, नवरा अबोल आणि कष्टाळू. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव झाली आणि आम्हाला बाई मिळेना, तेव्हा मी तिच्याकडे गेलो. ती ज्वारी पाखडत होती.

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली.

“कळायचं काय त्यात, आक्का? हात वर करायचा. बास.”

“हात वर करायला मी काय शाळंत हाय का?” ती हसली, आणि सूप खाली ठेवून नवऱ्याकडे बघत म्हणाली, “पोरं एवढं म्हणून राह्यले तर उभी राहू का?” नवऱ्याने मान हलवली. झाली उमेदवार.

निंदणी-खुरपणीला गावातल्या निम्म्या बायांबरोबर ती वाफ्यात बसलेली होती. आम्हा चौघांपेक्षा जास्त मतं तिला पडली. पण आमच्या डोक्यात ती काही सदस्य नव्हती; ती पाचवा हात होती. हे मी आज लिहितोय; त्या काळी असं म्हणायची मला लाजही वाटत नव्हती. मित्रांमध्ये आम्ही सरळ तसंच म्हणायचो.

अडचण एकच होती. आक्काचं माहेर बदनापूरकडचं, आणि तिच्या सख्ख्या भावाची मुलगी जुन्या सरपंचांच्या पुतण्याला दिलेली. म्हणजे समोरच्या पार्टीला आक्कापर्यंत जायला सोयरिकीचा सरळ रस्ता होता. त्यामुळे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही जीप काढली. आम्ही चौघं, आक्का, तिचा नवरा आणि ड्रायव्हर. अंबड, बीड करत खाली उतरलो. गाणगापूर, अक्कलकोट आधी करायचं आणि तुळजापूर परतीच्या वाटेवर ठेवायचं असा माझा बेत होता. तुळजापूरला देवीचा भंडारा हातात घेऊन सगळ्यांनी शपथ घ्यायची होती, आणि शपथ बैठकीच्या दिवशी ताजी असावी असा माझा हिशेब. एवढी हुशारी मी पुढे पाच वर्षांत एकाही ठरावात दाखवली नाही.

सहल मजेत चालली होती हे कबूल केलं पाहिजे. आक्का लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती. जीपमध्ये पुढच्या सीटवर खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरची शेतं बघून शेरे मारायची. “हितली तूर पाहा कशी झाली, अन् आपल्याकडं काय रडगाणं.” तिचा नवरा मात्र दुसऱ्या दिवसापासूनच बैलांच्या काळजीने झुरायला लागला. “बैलाला पाणी दावलं का इचारा फोनवर,” एवढं एकच वाक्य तो मला रोज म्हणायचा.

फोन मी करायचो. रोज संध्याकाळी पाचला, जिथे असू तिथल्या एसटीडी बूथवरून. गावात किराणा दुकानात फोन होता आणि त्या वेळेला माझा चुलतभाऊ तिथे येऊन बसायचा. समोरच्या गोटात काय चाललंय, कोण कुणाच्या घरी गेलं, हे तो सांगायचा. दुसऱ्या कुणी फोन करायचा नाही, असा माझाच नियम होता. नियम करायला कारणही होतं. शेजारच्या गावात आदल्या वेळी असंच सहलीला गेलेल्या एका सदस्याला ‘तुझी म्हैस विताना अडली, जल्दी ये’ असा निरोप गेला होता. बिचारा मिळेल त्या गाडीने धावत आला. म्हैस गोठ्यात खुशाल रवंथ करत बसलेली, आणि दारात दुसऱ्या पार्टीची जीप उभी. तेव्हापासून आमच्या भागात हे पक्कंच झालं होतं, की सहलीत आजारपणाचा निरोप आला तर तो डाव समजायचा.

मंगळवारी आम्ही अक्कलकोटला होतो. बैठक गुरुवारी अकराला. पाचला फोन लावला तर चुलतभाऊ दबक्या आवाजात बोलायला लागला.

“आक्काचा भाऊ आल्ता. म्हातारी लई बिमार हाय म्हनं. लेकीचं नाव घेऊन राह्यली सारखी. आक्काला आत्ताच्या आत्ता लावून द्या म्हन्तो.”

“डाव आसंल,” मी म्हटलं.

“काय सांगावं बाबा. पन मानूस रडून राह्यला.”

“रडायला काय, कुणालाबी येतं.”

“त्यो हितंच भाईर उभा हाय. काय सांगू?”

त्या क्षणापाशी मी नंतर किती वेळा जाऊन उभा राहिलो आहे, त्याला गणती नाही. ‘त्याच्याकडे फोन दे,’ एवढंच म्हणायचं होतं. आवाज ऐकला असता तर कळलं असतं. माणूस खरं रडतोय की नाटक करतोय, हे फोनवरून ओळखायला बी. ए. व्हावं लागत नाही. पण मला ते ओळखायचंच नव्हतं. ओळखलं असतं तर आक्काला सोडावं लागलं असतं, आणि आक्का गेली की आम्ही चार. म्हणून मी डाव आहे असं धरून चाललो. मला फसवायला समोरच्या पार्टीची गरज नव्हती, मी एकटा पुरेसा होतो.

“त्याला म्हण, निरोप पोचवतो,” मी म्हटलं. “अन् तू कुणाजवळ बोलू नको.”

“बैलाला पाणी दावलं का?” मी बूथमधून बाहेर आल्यावर आक्काच्या नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, दावलं. ते विचारायचं मी विसरलो होतो.

बुधवारी तुळजापूर. दर्शन झालं, बाहेर येऊन आम्ही पाचांनी तळहातावर भंडारा घेतला आणि एकमेकांना दगा देणार नाही अशी शपथ घेतली. माझा आवाज सगळ्यात मोठा होता. मग आक्काला खरेदी करायची होती. देवीच्या वाटेवरच्या दुकानात ती खणांच्या घड्या उलटसुलट करत बसली.

“मायला कोन्ता शोभंल रे?” तिने मला विचारलं. “लई भडक नको. म्हातारी रागावती.”

मी चॉकलेटी रंगाचा खण दाखवला. तिने तोच घेतला. दुकानदाराने कागदात बांधून दिला आणि तिने तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला, चुरगळू नये म्हणून. मी शेजारी उभा राहून हे सगळं बघत होतो. त्या वेळी सांगायला हवं होतं. तुळजापूरहून तिला थेट गाडी मिळाली असती, संध्याकाळपर्यंत कदाचित ती पोचलीही असती. एकच दिवस राहिलाय, उद्या मत झालं की लगेच पाठवू, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवीस वर्षांच्या माणसाला एक दिवस ही काही मोठी गोष्ट वाटत नाही.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना जीप ग्रामपंचायतीच्या दारात लावली. तहसीलमधून आलेल्या साहेबांनी नावं पुकारली. माझ्या नावाला चार हात वर झाले, म्हणजे माझा धरून. मग आक्काने इकडेतिकडे बघितलं, पदर सावरला आणि हात वर केला. पाच विरुद्ध चार. बाहेर फटाके वाजले. कुणीतरी आत येऊन माझ्यावर गुलालाची पिशवीच ओतली, आणि मी मूठभर घेऊन आक्काच्या कपाळाला लावला. बाकीच्यांनी तिच्या डोक्यावर उधळला. ती खोकत होती, हसत होती, “बास करा रे पोरंहो,” म्हणत होती.

तेवढ्यात तिच्या माहेरचा माणूस मोटारसायकलवर आला. तो गर्दीच्या कडेला थांबला, गाडीवरून उतरला नाही, नुसता बघत राहिला. आक्कानेच त्याला पाहिलं आणि ती गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेली. म्हातारी बुधवारी दुपारी गेली होती. निरोप पोचलाय, लेक निघालीच असेल, म्हणून त्यांनी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर येईपर्यंत वाट पाहिली. मग उचलली. आम्ही बीडहून निघून चहाला थांबलो होतो, त्या सुमाराला तिची माती झाली.

आक्का ओरडली नाही. तिथल्याच हापशावर जाऊन तिने तोंड धुतलं, डोकं धुतलं. गुलाल पाण्याने जात नाही, उलट पसरतो. मानेवर, कानामागे, भांगात तो तसाच राहिला. मी मोठ्या मनाने जीप दिली तिला माहेरी जायला. मी स्वतः गेलो नाही. माझी मिरवणूक होती. भांगात गुलाल घेऊन ती आईच्या दारात कशी उतरली असेल आणि तिथल्या बायांनी काय म्हटलं असेल, याची मी कल्पना करायचं टाळत आलो आहे. काही गोष्टी मला नंतर ऐकायला मिळाल्या. त्या मी इथे लिहीत नाही.

चौदाव्या दिवशी ती परत आली आणि सरळ ग्रामपंचायतीत आली. मी खुर्चीत बसलो होतो. ग्रामसेवक कसलेसे कागद पुढे सरकवत होता, आणि नवी सही करायची मला अजून हौस होती. आक्का दारात उभी राहिली.

“भाऊ म्हन्तो, मंगळवारीच त्यानं दुकानात येऊन निरोप दिल्ता. फोनवर बोलनं त्याच्यासमोर झालं म्हन्तो. सरपंचकीसाठी थांबलीस, मायपरीस तुला हात वर करनं मोठं झालं, असं चार मानसांत बोलला मला. तुला निरोप आल्ता का?”

ग्रामसेवकाने मान खाली घातली. मला तो प्रश्न येणार हे ठाऊक होतं. चुलतभावाला आणि किराणा दुकानदाराला मी दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं.

“न्हाई आक्का,” मी म्हटलं. “दुकानात कुणी आलंच न्हाई. आलं असतं तर मी तुला ठिवून घेतलं असतं का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिचा चेहरा सैल झाला, जसा माणसाला हवं ते ऐकू आल्यावर होतो.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “त्याला सोयरे जास्त झाले. मायच्या मरनातबी पार्टी केली त्यानं.”

आणि तिने माहेर तोडलं.

लोक म्हणतात, पहिलं खोटं अवघड असतं. मला अजिबात अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते नंतर, दर वर्षी. पहिल्या दिवाळीत भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया चंद्राला ओवाळतात. सख्खा भाऊ जिवंत असून आक्काने अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. माझ्या आईने ते पाहिलं आणि घरात येऊन डोळे पुसले. दुसऱ्या वर्षी आक्काने मलाच बोलावलं. पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. ती म्हणाली, “बस. तू तरी खोटं बोलला न्हाईस माझ्याशी.” मी बसलो. तिने ओवाळलं, मी ताटात साडी ठेवली. पुढे दर वर्षी हे चालू राहिलं.

तेव्हा माझ्याजवळ कारण होतं. पाच-चारची पंचायत, खरं सांगितलं तर आक्का त्या बाजूला जाणार, अविश्वास ठराव येणार, आणि टाकीचं काम अर्धं राहणार. टाकी झाली, खरं सांगतो. शाळेवर पत्रे चढले. आजही गावात कुणी म्हणतं, पोरगा लहान होता पण काम केलं. ते खोटं नाही. मी तेव्हा स्वतःला विचारायचो, की एका बाईची एका दिवसाची ताटातूट आणि अख्ख्या गावाचं पाणी, यात जड काय? असा तराजू धरता येतो हेच मला शहाणपण वाटायचं. आज तसा तराजू धरणारा तरुण कार्यकर्ता दिसला की मला त्याचा राग येतो, आणि तो राग त्याच्यावरचा नसतो.

पण पाच वर्षं संपली. पुढच्या निवडणुकीत मी पडलो, जुन्यांचंच कुणी परत आलं, आणि माझ्याजवळचं कारण संपलं. तरीही मी सांगितलं नाही. आता राजकारण नव्हतं, नुसती भीती होती. ती मला भाऊ म्हणून ओवाळत होती आणि मला ते सोडवत नव्हतं.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या भावाने निरोप पाठवला, की मामा म्हणून मी येतो, झालं गेलं विसरू. आक्काने कळवलं, आधी चार माणसांत म्हण की खोटं बोललो. तो कसा म्हणेल? तो खोटं बोललाच नव्हता. तो आला नाही. लग्नात मुलीच्या मागे मामा म्हणून मी उभा राहिलो. अक्षता पडत होत्या आणि मला सारखं वाटत होतं, की आता मांडवाच्या दारातून तो येईल आणि म्हणेल, सरक माझ्या जागेवरून. तो आला असता तर बरं झालं असतं.

मग दोन-तीन वर्षांनी तो वारला. रानातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्याचं वय काही जास्त नव्हतं. या वेळी निरोप आक्काला वेळेवर मिळाला. गावात मोबाईल आले होते, कुणाच्या हातात काही राहिलं नव्हतं. ती पोचली. भावाचं तोंड तिला पाहायला मिळालं.

ती दिवस घालून परत आल्याचं कळलं, तेव्हा मी ठरवलं. आता भांडण उरलं नव्हतं, पार्टी उरली नव्हती. निदान तिच्या मनात तिचा भाऊ खरा माणूस म्हणून राहावा, एवढं तरी मी देऊ शकत होतो. तिने मला दारातून हाकललं असतं, थुंकली असती, गावभर सांगितलं असतं, तरी चालणार होतं. दुपारी मी तिच्या घरी गेलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती. केस बरेच पिकले होते. मी समोर बसलो. वाक्य मी घरूनच तयार करून आणलं होतं. पहिला शब्द ‘आक्का’ होता, आणि तेवढाच मी बोललो.

“तू काय बोलनार ते मला ठावं हाय,” ती म्हणाली. “तू म्हन्शील, आता मनात काही ठिवू नको. न्हाई ठिवलं. त्याला खाली घेतलं तवा मी त्याच्या कानाशी वाकून बोलले. म्हटलं, दादा, तू खोटं बोललास माझ्याशी, मायपायी बोललास, पर मी माफ केलं तुला. जा.”

तिचे डोळे कोरडे होते. बऱ्याच वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर मला शांती दिसली.

“बरं केलं, आक्का,” मी म्हणालो.